केळुसकर गुरुजींची जागा रिकामी आहे

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास समाजकल्याण खात्याची जाहिरात निघते: राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध प्रवर्गातल्या ७५ विद्यार्थ्यांना परदेशात पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करता यावी म्हणून शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे, विमा असा खर्च राज्य सरकार उचलते. योजना २००३ पासून चालू आहे. जाहिरातीचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर फिरतो, ‘गरजू विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा’ असे कुणीतरी खाली लिहिते, आणि मुखेडचा किंवा निलंग्याचा एखादा पदवीधर मुलगा तो वाचून अर्ज करायचे ठरवतो.

ठरवतो तेव्हाच त्याला वर्षभराचा उशीर झालेला असतो.

कारण अटींमध्ये एक ओळ असते. परदेशी विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र हातात पाहिजे, आणि ते विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत पाहिजे. या विद्यापीठांचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात. चांगल्या विभागांचे डिसेंबर-जानेवारीत बंदही होतात. त्याआधी इंग्रजीची परीक्षा, ट्रान्सक्रिप्ट, शिफारसपत्रे, स्वतःविषयीचा निबंध आणि पासपोर्ट. म्हणजे या जूनच्या जाहिरातीची तयारी गेल्या पावसाळ्यातच सुरू व्हायला हवी होती, आणि गेल्या पावसाळ्यात त्या मुलाने या योजनेचे नावही ऐकलेले नव्हते. नांदेड-लातूर पट्ट्यात अशी किती मुले जूनमध्ये उत्साहाने अटी वाचतात आणि त्या एका ओळीपाशी थांबतात, याची नोंद कुठल्याच कार्यालयात होत नाही. जे अर्जच करत नाहीत त्यांची आकडेवारी ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही.

या शिष्यवृत्त्यांविषयी आपल्याकडे जो वाद चालतो तो नेहमी पैशाचा आणि जागांचा असतो. जागा ७५ का, दोनशे का नाहीत? उत्पन्नाची मर्यादा आठ लाख का? हे प्रश्न खरे आहेत. पण मराठवाड्यापुरते बोलायचे तर त्याआधीचा एक प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही. सरकारने पैसा उभा केला, पण त्या पैशापर्यंत जायची वाट विद्यार्थ्याने स्वतः शोधायची असे गृहीत धरले. आणि ज्याला ही वाट स्वतः शोधता येते, त्याच्या घरात बहुतेक वेळा आधीच कुणीतरी शिकलेले, शहरात राहिलेले, चार इंग्रजी ई-मेल लिहिलेले माणूस असते. परिणाम असा, की योजना ज्याच्यासाठी म्हणून काढली तो तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २०१७ साली सामाजिक न्याय खात्याच्याच मंत्र्यांच्या मुलीचे आणि अधिकाऱ्यांच्या मुलांचे नाव लाभार्थ्यांच्या यादीत आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. सगळे नीतिमत्तेवर बोलले. त्या मुलांना जून महिन्याच्या आधी सगळे माहीत होते, ही साधी गोष्ट मात्र चर्चेत आली नाही.

इथे थोडे मागे जायला हवे.

भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. हे आपण शाळेपासून वाचतो. सयाजीरावांचे नाव त्यामुळे आपल्या तोंडी आहे आणि असायलाच हवे. पण सयाजीरावांपर्यंत तो मुलगा पोहोचला कसा? मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने हेरले. मॅट्रिक झाल्यावर त्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. आणि पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा हेच केळुसकर त्याच्यासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकायला गेले. त्यातून दरमहा २५ रुपये सुरू झाले, आणि त्या ओळखीवरच पुढे अमेरिकेचे दार उघडले. पैसा महाराजांकडे होता. कुणाला भेटायचे, केव्हा भेटायचे, काय सांगायचे हे केळुसकरांना ठाऊक होते. रामजी सुभेदारांना मुलाच्या शिक्षणाची ओढ कमी नव्हती, पण लष्करातून निवृत्त झालेल्या त्या सुभेदाराला राजवाड्याचा रस्ता माहीत असण्याचे कारण नव्हते.

आज महाराष्ट्रात सयाजीरावांची कमतरता नाही. शाहू महाराजांच्या नावाने सामाजिक न्याय खात्याची योजना आहे. खुद्द सयाजीरावांच्या नावाने सारथी या संस्थेची योजना आहे, मराठा-कुणबी समाजातल्या ७५ विद्यार्थ्यांसाठी. इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक, खुला प्रवर्ग, प्रत्येकासाठी वेगवेगळ्या खात्यांमार्फत काही ना काही आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासून आहे, तिच्यात १२५ जागा आहेत. केळुसकरांची जागा मात्र कुठल्याही शासन निर्णयात मंजूर झालेली नाही.

यावर लातूरमध्ये कुणी म्हणेल, आमच्याकडे मार्गदर्शनाचा काय तोटा? बरोबर आहे. शून्यातून एक आख्खी व्यवस्था उभी कशी करायची हे या पट्ट्याने देशाला दाखवले आहे. लातूर पॅटर्न म्हणजे चार हुशार मास्तर एवढेच नव्हे. शाहू कॉलेज आणि दयानंदपासून उद्योग भवनाच्या ट्यूशन एरियापर्यंत पसरलेली वसतिगृहे, मेस, झेरॉक्सची दुकाने, रात्री अकराला बंद होणारे वाचनकक्ष, आदल्या वर्षीच्या कटऑफचे तक्ते पाठ असलेले रिक्षावाले, शेत विकून खोली भाड्याने घेऊन राहिलेल्या आया, हे सगळे त्यात येते. नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरात तेच. नीटमध्ये अमुक गुणांना अमुक जिल्ह्याचे मेडिकल मिळेल का, हे इथला नववीतला पोरगाही सांगेल. ज्या भागात १९५० साली पीपल्स कॉलेज निघेपर्यंत नांदेडसारख्या जिल्ह्याच्या गावी महाविद्यालय नव्हते, ज्या भागातल्या मुलांना उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबादला उस्मानियात जाऊन उर्दूतून शिकावे लागे, त्या भागाने दोन-तीन पिढ्यांत हे उभे केले. त्याला नाक मुरडणाऱ्या पुण्याच्या मंडळींचे मला नवल वाटते.

पण ही व्यवस्था इथे लागू पडत नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण बाजाराचे. नीटला एकट्या लातुरात हजारो मुले बसतात, म्हणून क्लास चालतो, म्हणून बॅनर लागतात. परदेश शिष्यवृत्तीच्या राज्यभरात मिळून जागा काहीशे. त्यातही अर्जदार असे, की ज्यांच्याकडे फी भरायला पैसा नाही, म्हणून तर ते शिष्यवृत्ती मागतात. यात कुठला क्लासवाला गुंतवणूक करील? परदेशी शिक्षणाचे खासगी सल्लागार आहेत, पण त्यांचे पोट विद्यापीठांच्या कमिशनवर चालते. ज्या विद्यापीठाचे कमिशन मिळते तिकडे ते विद्यार्थ्याला वळवतात, आणि नेमके ते विद्यापीठ बऱ्याचदा पहिल्या दोनशेत नसते. जिथे बाजार उभा राहू शकत नाही तिथे सार्वजनिक संस्थेने उभे राहायचे असते. ग्रंथालये आपण याच तत्त्वावर काढली.

दुसरे कारण जास्त अवघड आहे. लातूर पॅटर्नने मुलांना बरोबर उत्तर ओळखायला शिकवले. परदेशी विद्यापीठाचा अर्ज उत्तर मागत नाही, तो तुम्हाला तुमच्याविषयी विचारतो. तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे, तुम्ही आजवर काय केले, यातून पुढे काय करणार? हजार शब्दांत लिहा. चार पर्याय नाहीत, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून काही उपयोग नाही.

असे मसुदे अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. कंधार तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या मुलीचा मसुदा आठवतो. अर्थशास्त्रात एम.ए., पहिला वर्ग. पहिलाच परिच्छेद असा: लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड होती, आजच्या जागतिकीकरणाच्या युगात अर्थशास्त्राचे महत्त्व अनन्यसाधारण आहे, वगैरे. इंटरनेटवर असे हजार परिच्छेद मिळतात. चहा पिताना सहज विचारले, आईवडील काय करतात? तर आठवीपर्यंत दर दिवाळीनंतर ती त्यांच्याबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जायची. मुकादमाने दिलेली उचल किती, रोजच्या टनामागे तिच्यातले किती फिटले, आजारपणाचे खाडे धरून शेवटी अंगावर किती उरले, हा सगळा हिशेब घरात तीच वहीत मांडायची, कारण लिहिता येणारी तीच एकटी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने कर्जाच्या अर्थशास्त्राचे कागदपत्र तयार केले होते, आणि मसुद्यात त्याचा एक शब्द नव्हता. म्हटले, हे का नाही लिहिले? ती म्हणाली, “हे लिहायचं असतं का सर? मला वाटलं, हे दिसलं तर नाही घेणार.”

तिच्या या उत्तरात आपल्या शिक्षणाचा सगळा निकाल आहे. आपण मुलांना स्वतःचे आयुष्य लपवायला शिकवतो. उत्तरपत्रिकेत स्वतःचे काही लिहिले तर गुण कापले जातात हे त्यांना चौथीपासून माहीत असते. मग बाविसाव्या वर्षी अचानक कुणीतरी सांगते, आता स्वतःबद्दल लिही, तर पोर गोंधळणारच. हे इंग्रजीचे दुबळेपण नव्हे. इंग्रजी सहा महिन्यांत सुधारते.

शिफारसपत्रांची तऱ्हा अशीच. सरांकडे गेले की सर म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.” सरांचा दोष काढायचा नाही. त्यांनी आयुष्यात असे पत्र कधी घेतले नाही, दिले नाही. वर्गात शंभर-सव्वाशे मुले, त्यातली निम्मी हजेरीपुरती. मग मुलगा स्वतःच्याच गुणांचे वर्णन करणारे पत्र लिहितो, मित्राचे पत्रही तसेच, आणि दोन प्राध्यापकांची पत्रे एकाच माणसाने लिहिल्यासारखी दिसतात, कारण ती असतातच. त्यात बरीच परदेशी विद्यापीठे पत्र विद्यार्थ्याकडून घेतही नाहीत. ती प्राध्यापकांच्या कॉलेजच्या अधिकृत ई-मेलवर लिंक पाठवतात. इथल्या कित्येक प्राध्यापकांचा असा ई-मेल पत्ताच नसतो, जीमेल असते. असला तर तो कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क उघडतो. लिंकची मुदत संपते आणि प्रवेशाचा अर्ज अपुरा म्हणून बाजूला पडतो. लातूर किंवा नांदेड इथल्या कुणाही प्राध्यापकाला यात कसलेही पाप वाटणार नाही, कारण हे आपले काम आहे असे त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

कागदपत्रांचे काय विचारता. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचे प्रमाणपत्र हे सेतू केंद्रात मिळते, हेलपाटे घातले की. जात वैधता प्रमाणपत्राला पुरावा मात्र जुना लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. त्या काळची दप्तरे उर्दूत, काही मोडीत. आजोबांच्या नावाची नोंद सापडलीच तर ती वाचणारा शोधायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर नोंद येणार कुठून? पुण्याच्या अर्जदाराला ज्या पुराव्यासाठी शाळेचा एक दाखला पुरतो त्यासाठी इथल्याला कधी कधी उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यापासून सुरुवात करावी लागते. त्यात पासपोर्टवर नाव एका क्रमाने, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच.

आणि या सगळ्याला पैसे लागतात, शिष्यवृत्ती मिळण्याच्या आधी. आयईएलटीएसची फी सतरा-अठरा हजार. परीक्षेला पुणे किंवा हैदराबाद गाठायचे. पनवेल एक्सप्रेसने रात्रभर उभ्याने जाऊन सकाळी इंग्रजीत बोलायची परीक्षा द्यायची. प्रत्येक विद्यापीठाचे अर्जशुल्क वेगळे, अमेरिकेत तर एकेकाचे पाच-दहा हजार रुपये होतात. ट्रान्सक्रिप्ट, कुरिअर, नोटरी. चार ठिकाणी अर्ज करायचे म्हटले तर चाळीस-पन्नास हजारांखाली हिशेब बसत नाही. वर काही ब्रिटिश विद्यापीठे जागा राखायला दोन-तीन हजार पौंड आगाऊ मागतात, तेही मे-जूनमध्ये, आणि शिष्यवृत्तीचा निकाल यायला ऑगस्ट उजाडतो. ज्या घरात बाईची रोजंदारी तीनशेच्या आसपास आहे त्या घराने हे पैसे आणायचे कुठून? सावकाराकडून. म्हणजे संपूर्ण मोफत शिक्षणाची सुरुवात पाच टक्के महिन्याच्या व्याजाने होते.

‘संपूर्ण’ या शब्दाचाही एकदा हिशेब करून टाकू. या योजनांमध्ये ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता बरीच वर्षे सालाला ९,९०० पौंड होता, म्हणजे महिन्याला ८२५. त्याच काळात ब्रिटिश सरकार व्हिसा देताना लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे महिन्याला १,३३४ पौंड असल्याचा पुरावा मागत होते. फरक कुणी भरायचा? विद्यार्थ्याने, पिझ्झाच्या दुकानात रात्रपाळी करून. तोही ८२५ वेळेवर आले तर. हप्ता रखडल्याने घरमालकापुढे तोंड लपवावे लागल्याच्या तक्रारी परदेशी गेलेली मुले दरवर्षी करतात. केंद्राच्या योजनेत तर २०२५ साली १०६ जणांची निवड झाली आणि त्यातल्या ४० जणांनाच आधी पत्रे गेली, उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास, असे कळवण्यात आले. प्रवेश मिळवलेल्या, नोकरी सोडलेल्या, गावात पेढे वाटलेल्या मुलाला ‘निधी उपलब्ध झाल्यास’ म्हणजे काय वाटत असेल, ते मंत्रालयात बसून कळायचे नाही.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकू, कारण ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. आमच्याकडचे एक जुने शिक्षणकार्यकर्ते म्हणतात, एका पोरावर चाळीस-पन्नास लाख घालण्यापेक्षा तेवढ्यात वसतिगृह बांधा, वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या मुलांच्या स्वाधार योजनेचे पैसे वेळेवर द्या, जिल्हा परिषदेच्या शाळेचे गळके पत्रे बदला. आणि तो पोरगा परत येतो कुठे? तिकडेच राहतो.

वसतिगृहाचा मुद्दा मान्य. पण तो या योजनेविरुद्धचा मुद्दा होत नाही. अंदाजपत्रकातला पैसा शिष्यवृत्तीतून काढला तर तो वसतिगृहाकडे जाईल, असा अनुभव महाराष्ट्रात कुणाला आहे? तो रस्त्याकडे जातो. गरिबाने गरिबाशीच भांडायचे आणि बाकीच्यांनी न्याय करायचा, या मांडणीला मी तयार नाही.

परत येण्याचे मात्र नीट बोलायला हवे. आंबेडकरांचा दहा वर्षांचा करार होता. ते १९१७ साली परतले, बडोद्यात रुजू झाले, आणि काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. करार त्यांनी मोडला नाही. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले, कचेरीत शिपाई लांबून फायली फेकत. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला संस्थानाने पैसा दिला, नोकरी दिली, पण शहराने जागा दिली नाही. पुढे लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण त्यांनी सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर पुरे केले. बडोद्याच्या जमाखर्चात ही शिष्यवृत्ती बुडीत खात्यात गेली असेल. देशाच्या खात्यात काय जमा झाले ते सांगायला नको.

म्हणून परत न येणाऱ्या मुलाला दोष देण्याआधी आपण त्याला कुठे बोलावतो आहोत ते पाहावे. परदेशातल्या चांगल्या विद्यापीठाची पीएच.डी. असली तर यूजीसीच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापक पदासाठी नेट लागत नाही, ठीक. पण पदे आहेत कुठे? नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांत शिकवणारी कितीतरी मंडळी तासिका तत्त्वावर आहेत, तासाप्रमाणे पैसे, तेही सहा-आठ महिन्यांनी. आणि अनुदानित संस्थांतल्या कायम जागा कशा भरतात, हे मराठवाड्यात कुणी कुणाला सांगायची गरज नाही. ससेक्सहून आलेल्या मुलाला लोह्यात तासिकेवर उभे करायचे आणि मग देशप्रेमाचा हिशेब मागायचा, हे बरे नव्हे.

आणखी एक काटा आहे. तो शिकेल काय, हेही सरकार ठरवू लागले आहे. २०२२ साली केंद्राने आपल्या योजनेच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय बाद केले. म्हणजे त्या तांड्यावरच्या मुलीला उसाच्या फडातल्या उचलीवर लंडनमध्ये संशोधन करायचे असेल, तर ते त्या नियमांत बसत नाही. सरकारचे म्हणणे, हे विषय इथेच शिका. पण ज्याला स्वतःच्या समाजाकडे दुरून पाहायचे आहे, दुसऱ्या देशांतल्या मजुरांशी ताडून पाहायचे आहे, त्यानेच घरी बसायचे आणि इतरांनी डेटा सायन्सला जायचे, हा न्याय कुठला? राज्यानेही २०२४ साली सगळ्या खात्यांना एकच धोरण लावताना दहावी, बारावी, पदवी तिन्हींत ७५ टक्क्यांची अट घातली. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर ती मागे घेतली. एडिंबरा किंवा मँचेस्टर ज्याला खुशाल प्रवेश देईल त्याला दहावीत ६८ टक्के आहेत म्हणून महाराष्ट्र सरकार नाकारणार होते. दहावीच्या वर्षी त्या मुलाच्या शाळेत गणिताचा मास्तर होता का, एवढे तरी विचारायचे.

नांदेड जिल्ह्याला या विषयावर बोलायचा वेगळा अधिकार आहे असे मी मानतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे, या मागणीसाठी १९७८ साली बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जिवे मारण्यात आले. १९९३ साली गौतम वाघमारेंनी नांदेडमध्येच स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे वेगळे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. आजचे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. ज्या माणसाच्या नावासाठी इथे जीव गेले, तो सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेला विद्यार्थी होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्याने सरकारकडे ज्या मागण्या केल्या, त्यांत अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी निधी ही मागणी होती. नावासाठी एवढे केलेल्या जिल्ह्याने त्या मागणीचा पाठपुरावा का सोडून द्यावा?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या या विद्यापीठाला आणि त्याच्या लातूरच्या उपकेंद्राला केळुसकरांचे हे काम सहज जमण्यासारखे आहे. कोटींची इमारत नको. दर जुलैला चारही जिल्ह्यांतल्या पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपर्यंत योजनेची माहिती, अटींसह आणि तारखांसह. ट्रान्सक्रिप्ट मागितल्यापासून ठरावीक दिवसांत. प्रत्येक प्राध्यापकाला विद्यापीठाचा ई-मेल पत्ता, आणि शिफारसपत्र कसे लिहायचे याची एक दुपार. मसुदे वाचणारी दहा-पंधरा माणसे. त्यात याच जिल्ह्यांतून बाहेर जाऊन शिकलेली मुले असतील, ती आनंदाने रात्री व्हिडिओ कॉलवर बसतात. हे होते की नाही याचा पुरावा शेजारच्या विदर्भात आहे. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे यांनी यवतमाळमध्ये सुरू केलेल्या एकलव्य संस्थेने पहिल्या पिढीच्या पदवीधरांना नेमका हाच हात दिला. ते स्वतः चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये शिकून आले. एक संस्था जे करते ते चार जिल्ह्यांच्या विद्यापीठाला करता येत नाही असे म्हणायला मी धजणार नाही.

सरकारकडे मागण्या दोनच आहेत. जाहिरात सप्टेंबरात काढा. प्रवेशपत्र मागायचे तर मागा, पण ते आणायला आठ महिने द्या. आणि उत्पन्नाचा दाखला असलेल्या अर्जदाराला परीक्षा व अर्जशुल्काचे पैसे आधी द्या, निवड होवो न होवो. ज्यांची निवड होणार नाही त्यांच्यावर हे पैसे वाया गेले असे लेखापरीक्षक म्हणेल. म्हणू द्या. एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या शुल्कात अशा साठ-सत्तर मुलांची तयारी होते, आणि त्यातली जी जाणार नाहीत ती किमान आपल्याच विद्यापीठात चांगला निबंध लिहितील.

हे सगळे होईल तेव्हा होईल. तुम्ही हा लेख नांदेड, लातूर, देगलूर, उदगीर, अहमदपूर इथे कुठे वाचत असाल आणि तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले एखादे मूल असेल, तर जूनच्या जाहिरातीची वाट पाहू नका. आजच त्याला तीन गोष्टी सांगा: पासपोर्टचा अर्ज कर, जात वैधतेची फाइल टाक, आणि ज्या सरांनी तुला खरोखर शिकवले त्यांना जाऊन भेट. बाकीचे पुढे बघता येते. या तिन्हींना महिने लागतात, आणि जून आल्यावर ते महिने कुणाकडूनही उसने मिळत नाहीत.